उसने पांढरे केस

चिमणीचा चेहरा हीच तिच्या धंद्यातली खरी अडचण होती. वय बावीस, पण दिसायची शाळेतून नुकतीच सुटल्यासारखी. उंची बेताची, आवाज बारीक, गालांवर अजून बाळसं. घरात पडलेलं नाव कॉलेजात गेली तरी सुटलं नाही आणि कंपनी काढली तरी सुटलं नाही.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार टेबलं, एक पांढरा फळा आणि खिडकी कितीही घट्ट लावली तरी येणारा रबराचा वास. भागीदार एकच, कॉलेजातला मित्र. त्याला सगळे लांबू म्हणायचे, आणि का म्हणायचे ते तो दारातून वाकून आत आला की कळायचं. दोघांनी मिळून एक डबी बनवली होती. इमारतीच्या गच्चीवर लिफ्टचं यंत्र असतं, त्या खोलीत ती बसवायची. मोटरचे हादरे, दोराची कुरकुर, दारांची आदळआपट हे सगळं ती ऐकत राहायची आणि काही बिघडायच्या बेतात असलं की आधीच फोनवर कळवायची. माणसं मध्येच अडकून बोंबलत बसायला नकोत, एवढाच हेतू. डबी झकास चालायची. कॉलेजच्या जुन्या लिफ्टवर ती कधी चुकली नव्हती.

पण लावून घेणार कोण? लिफ्ट असलेल्या इमारतींचा कारभार बहुतेक रिटायर्ड मंडळींच्या हातात असतो, आणि त्यांना सवड भरपूर आणि विश्वास कमी. चिमणी पिशवीतून डबी काढायची तेव्हा ते तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहायचे. "मोठं कोणी येतंय ना मागून?" कोणी विचारायचं, "कॉलेजचं प्रोजेक्ट का गं? सही हवीय का?" एका सेक्रेटरींनी तर सगळं प्रेमानं ऐकून घेतलं आणि शेवटी खणातून लिमलेटची गोळी काढून हातावर ठेवली. आणि ही वेडी ती गोळी चघळत परत आली.

"कंपनी काढायला आपलं वय अगदी बरोबर आहे," लांबू म्हणाला, "फक्त विकायला चुकीचं आहे. मी दाढी वाढवतो." त्यानं वाढवलीही. ती हनुवटीवर जरा आली, गालांवर आलीच नाही, आणि तो आधीपेक्षाही पोरगेला दिसायला लागला.

आता आतोबांबद्दल सांगायला हवं. चिमणीच्या आईवडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून ती शाळेत असल्यापासून आत्याकडे राहिली. आत्याला मूलबाळ नाही असं कोणी म्हटलं तर आत्या चिमणीकडे बोट दाखवायची आणि विषय संपवायची. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. उभा जन्म त्यांनी एका कापडाच्या दुकानात काढला, काउंटरच्या मागे, उभं राहून. बसायची सोय फक्त मालकाला होती. माणूस मात्र बघत राहावा असा: ताठ कणा, दाट पांढरे केस मागे वळवलेले, बोलणं संथ. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी आधी क्षणभर गप्प राहायचे आणि मग म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." एवढ्यानं अर्धं कापड खपायचं.

दुकानातून निवृत्त झाल्यावर त्यांना घरात काही सुचेना. स्वयंपाकघरातले डबे कापडाच्या तागांसारखे उंचीप्रमाणे लावायला लागले. आत्याला मीठ सापडेना. "चिमणे, ह्यांना कुठेतरी घेऊन जा बाई," ती काकुळतीला येऊन म्हणाली. म्हणून एके दिवशी चिमणीनं त्यांना बरोबर नेलं. काम काही नाही, पिशवी धरायची.

एका उंच इमारतीच्या ऑफिसात ती दोघं शिरली आणि तिथले चेअरमन, जे चिमणीसाठी मागच्या खेपेला मान वर करायलाही तयार नव्हते, ते चक्क खुर्चीतून उठले. "या साहेब, बसा." मग चिमणीकडे बघून, "असिस्टंट का?"

चिमणीनं तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच. पण बाहेर पडलं ते वेगळंच. "हो. साहेब म्हणाले, सगळं मीच समजावून सांगायचं."

आतोबांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभर गप्प राहिले. मग चेअरमनकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." खरं तर चेअरमननी बरोबर ठरावं असं काहीच म्हटलं नव्हतं. पण त्यांनाही ते पटलं. त्याच बैठकीत डबी बसवायचं ठरलं.

खाली आल्यावर दोघं जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसली. आतोबा म्हणाले, "अगं, मला वाटलं आता मला कोणी विचारलं तर काय सांगू? मला लिफ्टमध्ये बटण कुठलं दाबायचं एवढंच माहीत."

थांबायचं ते तिथे थांबायला हवं होतं. पण एकदा गाडी सुटली की कोण उतरतंय? चिमणीनं त्यांच्यासाठी कोट शिवून घेतला. अध्यक्ष म्हणून त्यांचं कार्ड छापलं. घरी त्यांना तीन वाक्यं पाठ करायला लावली: "सुरक्षिततेत तडजोड नाही." "आमची मुलं बघतील ते." आणि अगदीच अडलं तर, "विचार करून सांगतो." आतोबा परीक्षेला बसल्यासारखे ती म्हणत घरभर फिरायचे. आत्या दारात उभी राहून हसायची, पण कोटाची इस्त्री तीच करायची, आणि शेजारणीला सांगायची की हे आता कंपनीत जातात.

आणि त्यांनी ते काम मनापासून केलं, हेच तर पुढे जड गेलं. नाटक म्हणून कोणी एवढं करत नाही. कुठल्या चेअरमनचा गुडघा दुखतो, कुणाची सून बाळंत झाली, सगळं लक्षात ठेवून फोन करायचे. लांबूकडून मोटर, दोर, ब्रेक समजून घ्यायचे. बघता बघता डब्या शहरभर लागल्या. दोन कामाची मुलं ठेवली. गिऱ्हाइकांचे फोन यायचे ते "मोठे साहेब आहेत का?" असे.

चिमणीला आधी गंमत वाटायची. मग गंमत विरली. रात्रंदिवस खपून डबी केली तिनं, डबीच्या पोटातलं सगळं गणित तिचं, आणि बैठकीत कोणीतरी आतोबांकडे वळून म्हणायचं, "साहेब, पोरगी चांगली तयार केलीत हो." आतोबा म्हणायचे, "नाही नाही, तीच खरी." लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. म्हणजे त्यांनी खरं सांगितलं तरी भाव त्यांचाच वाढायचा. चिमणीला आतून त्यांचा राग यायला लागला होता. आणि राग यावा असं त्यांनी काही केलेलं नव्हतं, म्हणून तो जास्तच यायचा.

अशात एका बाईंचा फोन आला. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एका मोठ्या संस्थेत त्या होत्या, आणि त्यांचा कटाक्ष असा की कंपनी चालवणारी माणसं तरुणच हवीत. "तुम्हाला अजून कशाची भीती बसलेली नसते," त्या म्हणाल्या. "चाळिशीच्या माणसाला मी एक प्रश्न विचारला तर तो मला दहा अडचणी सांगतो." चिमणीला हे ऐकून गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या वयाला नावाजत होतं. मग बाईंनी सहज विचारलं, "घरचं कोणी वडीलधारं कंपनीत नाही ना? असलं की निर्णय ऑफिसात होत नाहीत, जेवणाच्या टेबलावर होतात. मी त्यात पडत नाही."

"नाही," चिमणी म्हणाली. "आम्ही दोघंच."

बघा म्हणजे. म्हाताऱ्यांसमोर म्हातारा उभा करायचा आणि तरुण माणसं हवी असतील तर त्याला झाकायचं. सोपं होतं. फक्त बाई ऑफिसात यायच्या त्या दिवशी आतोबांना येऊ नका म्हणून सांगायचं होतं. ते चिमणीनं मनातल्या मनात लांबूवर सोपवलं, कारण तिला जीभ रेटेना. लांबूनं ते चिमणीवर सोडलं, कारण नातं तिचं. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. उलट लांबूच्या तोंडून आदल्या दिवशी मोठे पाहुणे यायचे आहेत एवढं मात्र निसटलं होतं.

बाई येऊन बसल्या होत्या, प्रश्न विचारत होत्या, चिमणी धडाधड उत्तरं देत होती, सगळं कसं रंगात आलं होतं. आणि दार उघडून आतोबा आत आले. कोट घातलेला, खिशात आत्यानं घडी करून दिलेला रुमाल, केस पाणी लावून बसवलेले. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

लांबूनं मान खाली घातली. आता सांगा, ती काय काय म्हणू शकली असती. शेजारी म्हणू शकली असती, ओळखीचे म्हणू शकली असती. घरमालक म्हटलं असतं तरी कोटाला शोभलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला जवळचं खोटं सापडत नाही.

"हे आमच्याकडे ऑफिसचं बघतात," ती म्हणाली. "म्हणजे चहापाणी वगैरे."

आतोबांचं हसू तसंच राहिलं. क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "चहा आणतो, ताई."

ताई. जन्मात त्यांनी तिला चिमणेशिवाय हाक मारली नव्हती.

आतल्या खोलीत मोरीजवळ किटली होती. पण ती कुठे आहे, कप कुठे, साखर कुठे, हे आतोबांना कुठून माहीत असणार? ऑफिसात त्यांचा चहा नेहमी चिमणी स्वतः टेबलावर आणून द्यायची. आतून भलतं कपाट उघडल्याचा आवाज आला, वायरींचं भेंडोळं खाली पडलं. बाई पुढच्या वर्षाचं विचारत होत्या आणि चिमणी सांगत होती, पण तिचा एक कान आत होता. सांगता सांगता तिला वाटत होतं, उठावं, आत जावं, निदान साखर कुठे आहे ते तरी दाखवावं. ती उठली नाही.

आतोबा चहा घेऊन आले तेव्हा अंगात कोट नव्हता. शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. एवढं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ओळखलं. ट्रेची सवय नसल्यामुळे चहा बशीत सांडला होता.

बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी कप घेताना विचारलं, "कसं वाटतं या मुलांकडे काम करायला?"

"चांगली मुलं आहेत," आतोबा म्हणाले. "मान देतात."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते काय असतं हे चिमणीला त्या दुपारी कळलं. कपाकडे बघत ती बसून राहिली.

संध्याकाळी दोघं घरी जायला बसथांब्यावर उभी होती. कोट आतोबांच्या हातावर होता. चिमणीनं कसंबसं तोंड उघडलं. "आतोबा, दुपारी मी..."

"अगं, बरं सुचलं तुला वेळेवर," ते म्हणाले. "मी आत आलो आणि तुझा चेहरा बघितला तेव्हा माझ्याच छातीत धस्स झालं. म्हटलं, झालं, पोरीचं काम बिघडवलं मी."

"मी असं बोलायला नको होतं."

"धंद्यात चालतं गं. आमच्या मालकाचा मुलगा गिऱ्हाइकासमोर मला एकेरी हाक मारायचा. गिऱ्हाईक गेलं की काका म्हणायचा. मी कधी मनाला लावून घेतलं नाही."

आतोबांनी घेतलं नसेल, पण त्या मालकाच्या मुलाचा विषय निघाला की आत्या आजही हातातलं भांडं आपटते, हे चिमणी लहानपणापासून बघत आली होती. आणि आता त्याच्या रांगेत तिचा नंबर लागला होता. आतोबांनी ते प्रेमानं सांगितलं होतं, समजूत काढायला. म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आत्यानं विचारलं, "काय, कसं झालं पाहुण्यांचं?"

"फक्कड," आतोबा म्हणाले. "चिमणीनं बाजी मारली."

"आणि तुम्ही?"

"मी होतोच की." आणि ते हातपाय धुवायला गेले. आत्या खूश होऊन कोट टांगायला लागली, चिमणीनं तिच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवसापासून आतोबा ऑफिसात साध्या शर्टात यायला लागले. कोट ते आतल्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवायचे. कोणी यायचं असलं की लांबूला विचारायचे, "आज मी कोण रे? साहेब की चहा?" लांबू पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा हसला नाही. जुने चेअरमन आले की कोट चढवून खुर्चीत, आणि बाईंच्या संस्थेतलं कोणी हिशेब तपासायला आलं की बाह्या दुमडून किटलीपाशी. कुठेही चूक नाही. चिमणीनं एकदा म्हटलं, "तुम्ही घरी थांबलात तरी चालेल." तर त्यांचा चेहरा असा उतरला की तिनं लगेच शब्द मागे घेतला. त्यांना येऊ नका म्हणणंही वाईट आणि येऊ देणंही वाईट, अशी तिनं आपणच आपली कोंडी करून घेतली होती.

मग एका सकाळी आत्या तिला स्वयंपाकघरात म्हणाली, "ह्यांना काय खूळ लागलंय गं? हल्ली घरी चहा स्वतःच करतात. आणि कप ट्रेमध्ये ठेवून इकडून तिकडे चालत बसतात. काल मी म्हटलं, काय चाललंय? तर म्हणे, सांडत नाही ना ते बघतोय."

चिमणी घास तोंडात धरून तशीच बसली. आत्या बोलत होती, हसत होती. सत्तरीकडे झुकलेला माणूस तिच्या खोट्याचा सराव करत होता. शाळेत असताना पाढे चुकले की तोच तिच्याबरोबर रात्री बसायचा.

तिनं तिथेच ठरवलं, आता बास. त्याच दिवशी बाई पैशांच्या करारावर सह्या करायला येणार होत्या, आणि बरोबर त्यांचे वरिष्ठ. सगळं सांगून टाकायचं. बाई विचारतील, मग चेअरमन लोकांना काय सांगितलंत? तेही सांगायचं. त्या उठून गेल्या तर गेल्या. कंपनी बुडाली तर बुडाली, परत काढता येईल, एवढं वय हातात आहे. बसमध्ये तिनं वाक्य मनात घोकून ठेवलं. ऑफिसात शिरताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

बाई आणि त्यांचे वरिष्ठ आले. पिकल्या मिशांचे, आतोबांच्याच वयाचे असावेत. कागद टेबलावर मांडले गेले. आतोबा चहा घेऊन आले. आज एक थेंब सांडला नव्हता.

चिमणी उभी राहिली. "सही करण्याआधी एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "मी तुमच्याशी खोटं बोलले. हे चहापाण्याचे नाहीत. हे माझे आतोबा आहेत."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. लांबूनं डोळे मिटून घेतले.

आतोबा क्षणभर गप्प राहिले. मग मंद हसले, काउंटरमागून हसायचे तसं. "ताईंचं मनच तसं आहे, साहेब," ते वरिष्ठांना म्हणाले. "मी वयानं मोठा. मला चहावाला म्हणायला त्यांना जड जातं. म्हणून नातं लावतात. माझं कुठलं एवढं भाग्य?"

बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "किती छान," त्या म्हणाल्या. वरिष्ठांनी मान डोलावली. "हे तुमच्या वयातच जमतं," ते चिमणीला म्हणाले. "आमच्या पिढीतल्या माणसाला त्याच्या ऑफिसातल्या चहावाल्याचं नावही सांगता येणार नाही."

चिमणीला फक्त एकदा अजून बोलायचं होतं. नाही, ते माझ्यासाठी खोटं बोलतायत, एवढंच. शब्द ओठांवर होते. तिनं आतोबांकडे बघितलं. त्यांनी कोणाला दिसणार नाही अशी मान हलवली. तिनं लांबूकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता, वाट बघत होता. बाईंनी पेन परत उचललं होतं. सकाळपासून जे बुडालं तर बुडू दे म्हणत होती ते सगळं तिच्यासमोर टेबलावर होतं, कोरं करकरीत, सहीपुरतं उरलेलं, आणि आता ते बुडावं असं तिला वाटेना.

ती खाली बसली. बाईंकडे बघून हसली.

"हो," ती म्हणाली. "आम्हाला ते अगदी घरच्यासारखेच आहेत."

आतोबांनी रिकामा ट्रे काखेत धरला, बाहेर गेले आणि आवाज होणार नाही असं दार ओढून घेतलं.